एका दिवसात बेट ‘कव्हर’ होतं का?

नाताळची सुट्टी संपवून कॉलेजात परतले तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, “सेंट लुसियात काय काय कव्हर केलंस?” मी सांगायचे, एक बाजार, एक चौक आणि एक चर्च. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडायचा. जहाजातून थेट कॅरिबियन समुद्रात जायचं आणि बाजार बघून यायचं? आणि ते दोन टोकदार डोंगर? सगळ्या फोटोंत असतात ते? ते नाही बघितले?

बघितले, पण डेकवरून, संध्याकाळी जहाज दक्षिणेकडे निघालं तेव्हा. अंधार पडत आला होता, त्यामुळे फोटो धड आला नाही.

‘कव्हर’ हा शब्द आपल्या गोव्यात कोणाला समजावून सांगायला नको. बाहेरून येणारी मंडळी दोन दिवसांत गोवा कव्हर करून जातात. एक दिवस नॉर्थ, एक दिवस साउथ. तोच शब्द माझ्याच मित्रमैत्रिणींच्या तोंडी ऐकला आणि खटकला. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : क्रूझच्या प्रवाशाला बंदरावर जे आठ तास मिळतात त्यात बेट बघून होत नाही. तेव्हा तो हट्ट सोडावा, चालत जाण्यासारखी एखादी जागा निवडावी आणि तिथे पाहुण्यासारखं वागावं. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकासारखं नाही.

आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते, नाहीतर आमच्या घरी पैशांचं झाड आहे असं वाटायचं. माझे पप्पा तारवटी. जहाजावर नोकरी करणाऱ्याला आमच्याकडे हाच शब्द आहे. गेली एकोणीस वर्षं ते क्रूझ जहाजांवर आहेत, भांडी धुण्यापासून सुरुवात करून आता डायनिंग हॉलमध्ये वेटर. घरच्यांना सवलतीत प्रवास करता येतो, पण तिकीट, व्हिसा, सुट्ट्या हे सगळं जुळून यायला एवढी वर्षं गेली. गेल्या डिसेंबरात मम्मी आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, पप्पांच्या जहाजावर प्रवासी म्हणून चढलो.

बंदराचा दिवस म्हणजे काय, तर सकाळी आठला जहाज धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाचला सुटतं. साडेचारच्या आत परत यायचं. आदल्या रात्री जहाजावरच्या काउंटरपाशी सहलींची यादी लागली होती. कॅटामरानमधून सुफ्रिएर. गाडी जवळपास तोंडापर्यंत जाते असा ज्वालामुखी, गंधकाच्या वासाची गरम पाण्याची कुंडं आणि तिथल्या चिखलाची आंघोळ. आणि अर्थात पितों, म्हणजे ते दोन डोंगर : ग्रो पितों ७९८ मीटर, पती पितों ७४३ मीटर, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत.

आम्ही यातलं काहीच घेतलं नाही. खरं कारण पैसे. तिघांच्या सहलीचे पैसे पप्पांच्या पगारातून जाणार होते. आणि पप्पांना दिवसभराची सहल शक्यही नव्हती. त्यामुळे मी हे तत्त्व म्हणून ठरवलं वगैरे काही नाही. तत्त्व मागाहून आलं.

सकाळी मम्मी आणि मी दोघीच उतरलो. धक्क्यालगत ड्यूटी-फ्री दुकानांची रांग आहे, हिरे, घड्याळं, परफ्यूम. आदल्या बंदरावर होती साधारण तशीच. त्यातून बाहेर पडून कॅस्ट्रीज शहराकडे चालत निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत बाजार येतो. शहर दिसायला साधं आहे, बरंचसं काँक्रीटचं. १९४८ च्या आगीत जुनं लाकडी कॅस्ट्रीज बहुतेक जळून गेलं. हे माहीत नसलं तर ‘बघण्यासारखं काही नाही’ असं वाटतं. तसं म्हणणारे प्रवासी मला रात्री जेवणाच्या टेबलावर भेटलेच.

बाजारात माझी पहिली चूक झाली. एका बाईंच्या टोपलीतल्या काळपट कांड्यांकडे बोट दाखवून मी सरळ विचारलं, “हाउ मच?” बाईंनी माझ्याकडे बघितलं, थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “गुड मॉर्निंग.” मला कान धरल्यासारखं झालं. तिथे आधी नमस्कार करतात, मग काय ते विचारतात. दुकानात, बसमध्ये, ऑफिसात, सगळीकडे. आमच्या आजीच्या घरी संध्याकाळचं आंजेल झालं की मोठ्यांचा आशीर्वाद घेतल्याशिवाय आम्ही जागचे हलत नव्हतो, आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘देव बरो दीस दिवं’ म्हटल्याशिवाय पुढे जायची सोय नव्हती. दहा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून मी आजीचं शिकवणं विसरून आले होते, आणि ते त्या बाईंनी दोन शब्दांत आठवून दिलं.

मी “गुड मॉर्निंग” म्हटलं. मग त्या हसल्या. त्या कांड्या कोकोच्या होत्या. कोकोच्या बिया भाजून, वाटून, हाताने वळलेल्या. त्या किसून पाण्यात उकळायच्या, दालचिनी, जायफळ, तमालपत्र घालायचं, मग दूध. त्याला ते ‘कोको टी’ म्हणतात. मम्मीला इंग्रजी जेमतेम येतं, पण शेजारच्या ढिगात निरफणस दिसल्यावर तिला भाषेची गरज उरली नाही. तिने हातानेच कापा करायची, रवा लावायची, तव्यावर टाकायची कृती करून दाखवली. त्या बाईंनी अख्खा निरफणस विस्तवावर भाजायची कृती करून दाखवली. दोघी जणू एकमेकींना ओरडत होत्या, असं नाही, असं! मी मधे दुभाष्याचं काम करायला गेले तर दोघींनीही लक्ष दिलं नाही.

निरफणस तिथला नव्हेच. तो पॅसिफिक बेटांवरून १७९३ मध्ये कॅरिबियनमध्ये आणला गेला, ऊसमळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. आज तो तिथल्या घराघरात आहे, जसं आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेली मिरची. जे लादलं गेलं ते माणसांनी चवीने आपलं करून टाकलं. ही गोष्ट पितोंच्या फोटोत दिसली नसती.

बाजारात बायका आपसांत क्वेयोल बोलत होत्या. हे बेट इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात चौदा वेळा हस्तांतरित झालं, शेवटी १८१४ मध्ये इंग्रजांकडे गेलं, १९७९ मध्ये स्वतंत्र झालं. कचेरीची भाषा इंग्रजी राहिली, घराची आणि बाजाराची क्वेयोल, फ्रेंच शब्दांतून आणि आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या तोंडून घडलेली. शाळांनी कितीतरी काळ तिला भाषाच मानलं नाही. आता ऑक्टोबरात तिचा उत्सव होतो. घरी कोंकणी, मंडळात मराठी आणि परीक्षेत इंग्रजी असं आयुष्य असलेल्या मुलीला हे समजायला मार्गदर्शक लागला नाही.

दुपारी दीडला पप्पा सुटले. तेव्हा कळलं की बंदराच्या दिवशी कर्मचाऱ्यांपैकी काहींना जहाजावर थांबावंच लागतं, काही अपघात झाला तर माणसं हवीत म्हणून. बाकीच्यांना दोन-तीन तास मिळतात, जेवणांच्या मधल्या वेळात. आम्ही पप्पांना गेटपाशी घ्यायला गेलो. तिथे एक पिवळी भिंत आहे. फुकट वायफाय पकडतं म्हणून जहाजांवरचे लोक तिला टेकून बसलेले असतात. फिलिपिनो, इंडोनेशियन, आपले गोंयकार. प्रत्येकाच्या हातात फोन, फोनवर कोणाचं तरी घर.

ती भिंत मी ओळखली.

माझा दहावीचा निकाल पप्पांना मी व्हिडिओ कॉलवर सांगितला तेव्हा त्यांच्या मागे हीच भिंत होती. आजी गेली त्या दिवशीही हीच. आमच्या घरात सेंट लुसिया म्हणजे ही पिवळी भिंत. आणि पप्पांसाठीसुद्धा. “बाय, किती वेळा आलोय मोजलं नाही,” ते म्हणाले, “पण ह्या गेटच्या पुढे बाजारापर्यंत दोनदाच गेलो असेन, तेही साबण आणायला.”

मी त्यांना ओढत चौकात नेलं. त्या चौकाचं पूर्वीचं नाव कोलंबस स्क्वेअर. १९९३ पासून डेरेक वॉलकॉट स्क्वेअर. आपल्या अभ्यासक्रमामुळे वॉलकॉट आपल्याला माहीत आहे, ‘ओमेरॉस’चा कवी, १९९२ चं नोबेल. चौकात त्याचा अर्धपुतळा आहे. जवळच आर्थर लुईस यांचाही. ते १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. एका छोट्या बेटाची दोन नोबेलं! दर्यावर्द्याचं नाव काढून कवीचं नाव दिलेले चौक आपल्या ओळखीत किती आहेत? पप्पांना वॉलकॉट माहीत नव्हता. पण पुतळ्याकडे बघून म्हणाले, “म्हणजे ह्याने मासेमाऱ्यांवर लिहिलंय? बरं केलं.”

चौकाला लागूनच कॅथेड्रल आहे, निष्कलंक गर्भसंभवाचं. पणजीच्या आपल्या चर्चचंही हेच नाव. आत शिरलो आणि तिघेही गप्प झालो. लाकडी छत, रंगवलेले खांब, आणि भिंतींवरचे संत काळे. तिथल्या माणसांच्या चेहऱ्याचे, तिथल्या कातडीचे. १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे आले, त्याच्या आदल्या वर्षी डन्स्टन सेंट ओमर या चित्रकाराने हे काम केलं. तो वॉलकॉटचा जिवलग मित्र आणि सेंट लुसियाच्या झेंड्याचा रचनाकार. त्याने १९७३ मध्येच रोझो खोऱ्यातल्या एका छोट्या चर्चच्या वेदीमागे काळी मारिया आणि काळं पवित्र कुटुंब रंगवलं होतं, भोवती खोऱ्यातलीच माणसं.

पप्पा गुडघे टेकून बसले. उठले तेव्हा पहिलं वाक्य, “इथे मिस कधी असते गे?” कधी येणार होते ते मिसेला? पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या बेटाबद्दल काही विचारलं होतं. तीन वाजून गेले होते. आम्ही परत निघालो. जेवणाची टेबलं लावायची होती.

आता वादाचा मुद्दा. माझा एक मित्र म्हणतो, हे सगळं ठीक आहे, पण ज्याला आयुष्यात एकदाच तिथे जायला मिळणार त्याने जागतिक वारसा सोडून बाजारात का बसावं? प्रश्न रास्त आहे. शिवाय जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यासाठी थांबत नाही. म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलं असलेल्यांना ती सहलच सोयीची. डोंगर बघू नका असं मी म्हणत नाही. डोंगर सुंदरच आहेत. माझी तक्रार आहे ती दोन तास बस, वीस मिनिटं फोटो, एक तास जेवण, दोन तास बस, आणि शेवटी ‘बेट झालं’ या हिशोबाशी. या हिशोबात तिथला माणूस फक्त गाडी चालवायला आणि ताट वाढायला येतो. त्याला “गुड मॉर्निंग” म्हणायलाही वेळ नसतो. आणि जहाजावर विकल्या गेलेल्या सहलीतला एक वाटा जहाज कंपनीकडे जातो. कोकोच्या कांडीचे पैसे मात्र ती वळणाऱ्या हातात पडतात.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. चार तास बाजारात आणि चर्चमध्ये काढून मला तरी काय मोठं कळलं? तेही वरवरचंच नाही का? आहेच. यावर मला वॉलकॉटचाच आधार वाटतो. नोबेल स्वीकारताना त्याने जे भाषण केलं त्याची सुरुवात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावातल्या रामलीलेपासून होते. ते गाव भारतातून मजूर म्हणून नेलेल्यांच्या वंशजांचं. वॉलकॉट अमेरिकी मित्रांबरोबर तिथे गेला होता, म्हणजे एका अर्थी पर्यटकच. आणि तो कबूल करतो की आधी त्याने ते चुकीच्या नजरेने बघितलं. त्याला ते हरवलेल्या भारताची आठवण वाटलं, एक प्रकारचा शोक. मग लक्षात आलं की त्या पोरांच्या मनात शोकबिक काही नाही. त्यांच्यासाठी तो उत्सव आहे, श्रद्धा आहे, आज आणि इथे आहे. शेजारच्याच बेटावर राहिलेला, एवढा मोठा कवी जर एका दुपारी चुकतो आणि ते जगासमोर सांगतो, तर आठ तासांच्या पाहुण्याने ‘मला हे बेट कळलं’ म्हणू नये. आपण काय चुकीचं बघितलं तेवढं लक्षात ठेवून परतलं तरी पुष्कळ.

माझं चुकीचं बघणं मला कॅथेड्रलमध्येच कळलं. काळी मारिया बघून मी मनात म्हटलं, किती धाडसी, आपल्याकडे असं कोणी केलं नाही. आणि दुसऱ्या क्षणी लाज वाटली. केलं होतं. आंजेलो द फोंसेका. जन्म १९०२, आपल्याच गोव्यातल्या सांत इस्तेव बेटावर. त्याने मारियेला साडी नेसवली, आपल्या बाईचा चेहरा दिला. त्यासाठी गोव्यात टीका सोसली आणि पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात जाऊन चित्रं काढत राहिला. १९६७ मध्ये वारला. त्याच्या चित्रांचा संग्रह पर्वरीला आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी, तीन वर्षं त्या रस्त्याने बसने जाते आणि अजून आत पाऊल ठेवलं नव्हतं. मुरगावला क्रूझ जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशांना मी नावं ठेवायचे, मिस चालू असताना फोटो काढतात म्हणून, कोणाच्याही बाल्कनीखाली उभे राहून पोझ देतात म्हणून. आणि स्वतःच्या गोव्यात मी तरी काय करत होते? कव्हरच करत होते.

सेंट लुसिया हे नाव संत लुसीवरून पडलं. तिचा सण १३ डिसेंबरला, आणि तोच तिथला राष्ट्रीय दिवस. ताटलीत दोन डोळे घेऊन उभी असलेली ती संत आपल्याला चित्रांतून माहीत आहे. ज्यांची नजर अधू आहे ते तिची प्रार्थना करतात. आम्ही गेलो तेव्हा सण होऊन चार दिवस झाले होते, चौकात अजून कंदील लटकत होते. आपल्याकडच्या नाताळच्या नक्षत्रांसारखे. बंदराच्या दिवसाची माझी प्रार्थना आता तिलाच.

ज्यांना कधी असा दिवस मिळेल त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी. जाण्याआधी त्या बेटावरच्या माणसाने लिहिलेलं काहीतरी वाचा, एक कविता चालेल. उतरल्यावर आधी नमस्कार करा, मग भाव विचारा. फोटोआधी परवानगी मागा. परतीला एक तास हातचा ठेवा. आणि जहाजावर तुम्हाला सकाळी चहा देणाऱ्याला विचारा, “आज तुम्हाला उतरायला मिळणार का?” तो बहुतेक गोंयकार निघेल आणि तुमच्याशी कोंकणीत किंवा मराठीत बोलेल. त्याला त्या बेटावरची त्याची भिंत दाखवायला सांगा.

मंडळाला माझी एक सूचना आहे. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी आपण आठ तास सांत इस्तेवला जाऊ. सकाळी आठला पोचायचं, साडेचारला निघायचं, अगदी जहाजासारखं. तिथली भेंडी प्रसिद्ध आहे, ती पिकवणाऱ्याकडूनच घेऊ. फोंसेकाच्या गावात थोडं चालू, लोकांशी बोलू, आणि त्याआधी एका दुपारी पर्वरीला जाऊन त्याची चित्रं बघून येऊ. संध्याकाळी कोणी विचारलं की काय कव्हर केलं, तर सांगू, काहीच नाही, पाहुणे होतो.

पप्पांचं कॉन्ट्रॅक्ट मे महिन्यात संपतंय. ते म्हणाले, तोवर थांबणार असाल तर मीही येतो. तेव्हा मंडळाने फेब्रुवारीऐवजी मे धरला तर माझी काही हरकत नाही. ऊन असेल, पण टोपी घालू.